दिवाळीची मुदत आधी मागे घ्या

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते मार्केट यार्डात एका अडत दुकानावर दिवाणजी आहेत. मुलगा २०२३ साली बीएस्सी झाला, विषय केमिस्ट्री, ६४ टक्के. वर्षभर पोलीस भरतीची तयारी केली, तिथं जमलं नाही, मग पुण्याला गेला. दीड वर्षापासून नऱ्ह्यात चौघांत एक खोली घेऊन राहतो आहे. आता वडिलांनी त्याच्यासाठी पुण्यातला एक क्लास पाहिला आहे. कोर्स डेटा अ‍ॅनालिटिक्सचा, सहा महिन्यांचा. फी एक लाख साठ हजार, प्लेसमेंटची शंभर टक्के हमी, वर क्लासवाले दोन वर्षांचा अनुभवही 'लावून' देणार आहेत. पैसे पतसंस्थेतून उचलायचे ठरलं आहे. त्यांचा प्रश्न असा: हा कोर्स बरा, की पुण्यात काही राहिलं नसेल तर मुलाला मुंबईला पाठवावं?

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या पानावर मी अडकले आहे. तुम्ही लिहिलंय, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर गावाकडं तोंड दाखवू नको असं त्याला स्पष्ट सांगितलं आहे. धाक असल्याशिवाय आजकालची मुलं हलत नाहीत." आणि चार ओळींनंतर लिहिलंय, "हल्ली फोन उचलत नाही, मेसेज टाकला तर 'बिझी आहे' एवढंच येतं." या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे लिहिताना तुमच्या लक्षात आलं नाही का?

तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा परक्या शहरात खोलीभाडं, मेसचे पैसे आणि रोजचे नकार सांभाळतोय. त्याच्याजवळ हक्काची एकच जागा होती, ती तुम्ही अटीवर ठेवलीत. अशा वेळी मुलं काय करतात ते मी पाहत आले आहे. ती खोटं बोलायला लागतात. "इंटरव्ह्यू चांगला झाला", "सेकंड राउंड आहे", "एचआर कळवणार आहे." मग सणाला येणं टाळतात, मग कुणाकडून तरी उसने घेतात. पुढच्या गोष्टी लिहीत नाही, तुम्ही वर्तमानपत्र वाचता.

हा मुलगा हलत नाही, हेही मला पटलेलं नाही. तुम्हीच कळवलंय की तो रात्री स्कूटरवर पार्सलं पोचवतो आणि हे नातेवाइकांकडून कळल्यावर तुमची "मान खाली गेली". का? तो तुमच्याकडून पैसे न मागता पुण्यात पोट भरतोय. मला त्या कामाची काळजी आहे, पण ती वेगळ्या कारणानं. डिलिव्हरीत पहिल्या महिन्याला जे मिळतं तेच दोन वर्षांनी मिळतं. पेट्रोल, गाडीची झीज आणि अपघात सगळं आपल्या अंगावर असतं, आणि रात्री दीडला झोपलेला माणूस सकाळी दहाच्या इंटरव्ह्यूला ताजातवाना पोचत नाही. ते काम लवकर सुटावं असं मलाही वाटतं. त्याची लाज मात्र वाटून घेऊ नका, आणि निदान त्याला तरी ती वाटू देऊ नका.

म्हणून आधी त्याला फोन करा. उचलला नाही तर रविवारी बार्शी-पुणे एसटी पकडा आणि स्वतः नऱ्ह्याला जा. मुदत मागे घेतली, असं तोंडानं म्हणा. त्या भेटीत नोकरीचा विषय काढू नका.

आता क्लास. 'अनुभव लावून देणे' याचा अर्थ काय, ते तुम्हाला नीट सांगितलं गेलेलं नाही असं मी धरून चालते. त्याचा अर्थ खोटं ऑफर लेटर, खोट्या सॅलरी स्लिपा, खोटं रिलीव्हिंग लेटर. पुण्यात या धंद्याला 'बॅकडोअर' म्हणतात. मोठी कंपनी माणूस घेतल्यावर बाहेरच्या संस्थेकडून त्याची पार्श्वभूमी तपासून घेते. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीला प्रत्येक कर्मचाऱ्याचा एकच कायमचा नंबर असतो, यूएएन. तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरीला होतात हे त्यातून दिसतं. दोन वर्षं नोकरी केल्याचा कागद आहे आणि पीएफमध्ये एक रुपया जमा नाही, हे कळायला हुशार माणूस लागत नाही. पकडला जातो तो मुलगा, कारण सही त्याची असते. क्लासवाल्याचं नाव कुठेच नसतं. रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी काढून टाकलेली मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत, आणि पुढच्या मुलाखतीत त्या सहा महिन्यांचं काय सांगायचं याचं उत्तर माझ्याकडेही नसतं. हा शॉर्टकट नाही, बनावट कागदपत्रांचा गुन्हा आहे. त्यासाठी तुम्ही पतसंस्थेचं कर्ज काढणार आहात.

हमीबद्दलही ऐका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले. नोकरीची खोटी हमी देऊन विद्यार्थी ओढणं त्यात बसत नाही. तरी फलक लागतातच. "फी हप्त्यानं भरा" असं कुणी म्हणालं तर तो हप्ता कुणाचा हे विचारा. पुष्कळदा ते एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं आणि मुलाच्या नावावर असतं. क्लास उद्या बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो.

तुमचा खरा गैरसमज मात्र क्लासच्या आधीचा आहे. शेजाऱ्यांचा भाचा २०२१ मध्ये साध्या पदवीवर हिंजवडीच्या आयटी पार्कात लागला, त्याला मिळतं तर आपल्याला का नाही, असं तुम्ही लिहिता. तुम्ही अडतीवर बसता. गेल्या मोसमाच्या कांद्याच्या भावानं यंदा कुणी माल मागितला तर तुम्ही त्याला काय म्हणाल? २०२१-२२ मध्ये कोविडनंतर जगभर कंपन्यांनी कामं ऑनलाइन नेली, आयटीत माणसं मिळेनात, जे दिसेल ते घेतलं. मग मागणी ओसरली. टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून मनुष्यसंख्या २०२३-२४ या एका वर्षात सुमारे ६४ हजारांनी कमी झाली. २०२५ च्या जुलैत टीसीएसने आणखी १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. नवशिक्याचा पगार तर दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळतोय. याचा अर्थ पुण्यात आयटी संपलं असा नाही. परदेशी बँकांची आणि कंपन्यांची स्वतःची केंद्रं खराडी, बाणेर, येरवडा भागात वाढताहेत. देशात अशी १,७०० हून जास्त केंद्रं आहेत. पण तिथं बहुतेक जागा अनुभवी माणसांच्या. नवख्यांच्या भरतीत पदवी कोणत्या वर्षीची याची चाळणी लागते, आणि २०२३ ची पदवी तिथं आता शिळी धरली जाते. भाच्याचं कौतुक करा, त्याला मोजपट्टी करू नका.

डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकूच नये का? शिकावं. एक्सेल आणि एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधून काढायची भाषा) केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर किंवा यूट्यूबवर फुकट शिकता येतं. तीन महिने रोज दोन तास बसून ते आवडलं, तर पुढचा विचार करू. मुलाला ते आवडतं का, हे मात्र तुमच्या तीन पानी पत्रात कुठेच नाही. त्याला काय हवंय हेच नाही!

त्याच्या पदवीबद्दल तुम्ही "साधी बीएस्सी, तिला कुठं काय आहे" असं लिहून मोकळे झालात. इथं मी तुमच्याशी भांडणार आहे. केमिस्ट्रीच्या पदवीधराला पुणं म्हणजे हिंजवडी नव्हे. त्याचं पुणं कुरकुंभच्या एमआयडीसीत आहे, जिथं औषधांचा कच्चा माल तयार होतो. ते हडपसर-मांजरीच्या लस उद्योगात आहे. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या कारखान्यांत आहे, कारण पेंट शॉपला आणि प्लेटिंगला लॅब लागते आणि सांडपाणी प्रक्रियेचा प्लांट चालवायला केमिस्ट लागतो. पुण्यात आलेल्या दहा मुलांना विचारा, नऊ जणांना ईटीपी केमिस्ट, म्हणजे या सांडपाणी प्लांटचा केमिस्ट, नावाची नोकरी असते हे ठाऊक नसतं.

आणि पुण्यालाच का? तुमच्या घरापासून दीड-दोन तासांवर सोलापूरची चिंचोळी एमआयडीसी आहे, तुळजापूर रस्त्यावर तामलवाडी आहे. बालाजी अमाइन्ससारखी कंपनी याच पट्ट्यात वाढली. औषधांचे मूळ घटक बनवणारे कारखाने तिथं आहेत आणि त्यांना क्वालिटी कंट्रोलमध्ये, प्रॉडक्शनमध्ये बीएस्सी केमिस्ट्रीची मुलं लागतात. तिथं राहून दोन वर्षं एचपीएलसी मशीन (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळलं, टायट्रेशन, नोंदी, जीएमपीची म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमांची शिस्त अंगात मुरली, की मग पुणं, अंकलेश्वर, हैदराबाद सगळीकडे दार उघडतं. सोलापूरहून हैदराबाद काही पुण्यापेक्षा फार लांब नाही, आणि औषधनिर्मितीत ते पुण्याला मागं टाकतं. पुणं अनुभव असलेल्याला जेवढं देतं तेवढं नवख्याला देत नाही. नवखेपण कमी भाड्याच्या गावात काढावं आणि दोन वर्षांनी पुण्यात यावं, हे माझं मत.

यातलं कडूही सांगते. सुरुवातीचा पगार पंधरा ते वीस हजारांच्या घरात असेल. तीन पाळ्या असतात, वास असतो, पहिलं वर्ष बहुधा कंत्राटदाराच्या नावावर जातं. केमिकल प्लांटमध्ये धोका असतो. मुलाखतीला जाताना सुरक्षेचं प्रशिक्षण देता का, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापता का, हे त्यानं बेधडक विचारावं. विचारल्यावर जी कंपनी चिडते तिथं जाऊ नये.

कामाला सुरुवात अशी करता येईल. केंद्राच्या नॅट्स या अ‍ॅप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर पदवीधर अ‍ॅप्रेंटिस म्हणून नाव नोंदवावं. वर्षभर विद्यावेतन मिळतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र हातात येतं, जे खरं असतं. औषध कंपन्यांच्या वॉक-इन मुलाखती बहुधा रविवारी असतात, त्या जाहिरातींवर नजर ठेवावी. एचपीएलसी हाताळायला शिकवणारे थोड्या दिवसांचे कोर्स काही हजारांत होतात. एक लाख साठ हजारांपेक्षा ते पुष्कळ बरे. पण पैसे भरण्याआधी मशीन प्रत्यक्ष हाताळायला मिळतं का, की फळ्यावरच शिकवतात, हे स्वतः जाऊन पाहायचं. बायोडेटात पोलीस भरतीचं वर्ष लपवू नये. रात्रीची डिलिव्हरीही लपवू नये. शिक्षणानंतर स्वतःचा खर्च स्वतः भागवला, हे सांगण्यासारखं आहे.

एमपीएससी, बँक आणि रेल्वेबद्दलही तुम्ही विचारलंय. त्याला मनापासून करायचं असेल तर करू द्या, वर्ष ठरवून. एमएस्सी करायचं असेल तर आयआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा आहे आणि शिवाजी किंवा सोलापूर विद्यापीठही आहे. एमएस्सीनंतर पाषाणच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ठिकाणी प्रकल्पावर कामं मिळतात.

मुंबईचं म्हणाल तर सध्या तरी नको. तिथली मोठी भरती बँका, विमा, वित्त आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांत. नवी मुंबईत डेटा सेंटरं आणि आता विमानतळ. यातलं काहीच या मुलाच्या पदवीशी थेट जुळत नाही. आणि नऱ्ह्याचं भाडं जड जात असेल तर घणसोलीचं काय होईल, याचा हिशेब तुम्ही माझ्याहून चांगला कराल. शहर बदलल्यानं पदवी बदलत नाही.

क्लासला बुकिंगचे पाच हजार दिले आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते परत मागा, लेखी मागा, आणि अनुभवपत्राबद्दल त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जे लिहिलंय ते पुसू नका. दिले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पाच हजार बुडाले तरी बाकीचे एक लाख पंचावन्न हजार वाचले असं धरा.

जाता जाता एक गोष्ट. पत्राच्या तळाशी अर्धी ओळ आहे: "धाकटी बारावी सायन्सला आहे, हुशार आहे, पण तिचं पुढं बघू." मुलाच्या बनावट अनुभवासाठी कर्ज काढायची तयारी आणि हुशार मुलीचं "पुढं बघू"? राज्य सरकारने २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना, सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अनुसूचित जाती-जमातींसाठी सवलतीच्या योजना वेगळ्या आहेत. तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता ते कळवलेलं नाही. पण अभियांत्रिकी असो की फार्मसी, पैशाचं कारण तिच्या बाबतीत तितकंसं टिकत नाही. या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, अर्ज तिनं भरलाय का, हे आजच विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखलाही आताच काढायला टाका. जूनमध्ये बार्शी तहसीलला रांग लागते.