लहानपणी गाणं शिकायचं राहून गेलं याची खंत जात नाही. आता अडतिसाव्या वर्षी सुरुवात करण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की शाळेत असताना गायक व्हायचं होतं, ते राहिलं, आणि आता कुणी चांगलं गाताना दिसलं की आनंद व्हायच्या आधी पोटात खड्डा पडतो. तो खड्डा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझा तबल्याचा होता. एक्केचाळिसाव्या वर्षी शिकायला लागलो, आता पाचवं वर्ष चालू आहे.

आधी कडू ते सांगून टाकतो. अशा प्रश्नाखाली 'वय हा निव्वळ आकडा' छापाची उत्तरं हमखास येतात. मला ती पटत नाहीत. वयाने फरक पडतो. व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला होता. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श टिपणारा मेंदूतला भाग त्यांच्यात जास्त पसरलेला होता, आणि ज्याने जितक्या लहानपणी वाद्य हातात घेतलं होतं त्याच्यात तो तितका अधिक. कुठलाही आधार न घेता नुसता ऐकून स्वर ओळखणारे कानही बहुतेक वेळा सहा-सात वर्षांच्या आत तालीम सुरू झालेल्यांचेच असतात. (आपल्या संगीताला तसा कान लागत नाही म्हणा. सा कुठलाही धरा, बाकीचे स्वर त्याच्या नात्यानेच ठरतात.)

उशिरा सुरुवात केलेल्यांची म्हणून जी उदाहरणं देतात, तीही जरा तपासून घ्यावीत. वसंतराव देशपांड्यांचं नाव निघतंच. लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी त्यांनी चाळिशी उलटल्यावर सोडली आणि पूर्णवेळ गाण्याला वाहून घेतलं, हे खरं. पण तालीम लहानपणापासूनची होती. नोकरी उशिरा सुटली, गाणं कधीच सुटलं नव्हतं. तुमची-माझी गोष्ट ती नाही.

तेव्हा गायक व्हायचं, मैफली करायच्या, हे जे स्वप्न होतं त्यातला मोठा हिस्सा गेला. त्याचं वाईट वाटणारच.

पण त्या वाईट वाटण्याबद्दलच मला मुख्य बोलायचंय. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की घरच्यांनी तबला शिकू दिला नाही. अभ्यास, मार्क, शेजाऱ्यांना होणारा त्रास, सगळं तपशीलवार. आणि सांगताना माझा मलाच गहिवर यायचा! मग एकदा जुनी कपाटं आवरताना माझी तबल्याची वही सापडली. वही! म्हणजे क्लास लावलेला होता. पहिली आठ-दहा पानं सुवाच्य अक्षरात तालांचे ठेके, त्यानंतर 'धाधा तिट धाधा तूंना' हा कायदा, म्हणजे वाढवत न्यायची बोलांची रचना, त्याचे दोन पलटे, म्हणजे तेच बोल उलटसुलट करून केलेले प्रकार, तिसरा अर्धवट. पुढच्या पानांवर क्रिकेटचा धावफलक. आईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "तूच म्हणालास ना, बोटं दुखतात म्हणून. मी दोनदा नेऊन बसवलं, तिसऱ्यांदा तू पलंगाखाली लपलास."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. आठवत होता तो बसमध्ये बसून मांडीवर ताल धरणारा, अन्याय झालेला मुलगा. त्याच्या जागी पलंगाखाली लपलेला मुलगा बसवायला मला बरेच दिवस लागले. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. खरोखरच अडवलं गेलेले लोक पुष्कळ असतात. पण आपण ज्याच्यासाठी झुरतो तो 'मी' जरा तपासावा. माझ्या कल्पनेतला मी थेट स्टेजवर असायचा, समोर दाद देणारी माणसं. रियाज करताना मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

आवडतंय ते संगीत की टाळ्या, हे शोधायचा एकच मार्ग दिसला. बसून बघायचं.

पहिले तीन महिने मी फक्त 'ना' हा एकच बोल वाजवला. ऐकायला किरकोळ वाटतं. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला नुसती टेकलेली हवी आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, आघात करायचा. अनामिका दाबली की आवाज मरतो. उचलली की सगळी पुडी, म्हणजे वरचं चामडं, मोकळी घुमते आणि 'ना' राहतच नाही. त्या दोन टोकांच्या मध्ये केसाएवढी जागा आहे, तिथे बोट ठेवलं तर टणत्कार होतो आणि स्वर हवेत थोडा वेळ राहतो. चामड्याच्या वाद्यातून असा सुरेल स्वर निघतो तो त्या काळ्या शाईमुळे. तिच्या वजनाने पुडीची कंपनं तारेच्या कंपनांसारखी मूळ कंपनाच्या पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासोबत 1920 मध्येच यावर लिहिलंय. मला हे वाचून माहीत होतं, पण बोटाला कळायला अकरा आठवडे लागले. त्या दिवशी तो एक 'ना' लागला, आणि पुढचे वीस लागले नाहीत. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. उठावंसं वाटेना. पाय मात्र बधिर झाले होते, दहा वर्षांच्या मुलाला ती अडचण नसते.

त्यानंतर पोटातला खड्डा गेला का? पूर्ण नाही. पण त्याची जात बदलली. पूर्वी तबलावादक दिसला की 'तिथे मी असतो' असं वाटायचं. आता त्याच्या मनगटाकडे लक्ष जातं. द्रुत लयीत 'तिरकिट' स्पष्ट निघतंय ते ऐकलं की आधी हेवा वाटतो आणि लगेच घरी जाऊन हळू लयीत करून बघावंसं वाटतं. मी ऐकतो पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं. निव्वळ तेवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप मला परवडला.

तुमचं गाण्याचं आहे, त्यामुळे वाद्य आणायचाही प्रश्न नाही. चांगला शिक्षक लागेलच, आणि शिक्षक असा बघा जो मोठ्या माणसांना शिकवताना 'छंद म्हणून ना?' म्हणत सोडून देत नाही. मला तसा एक भेटला होता, दोन महिने वाया गेले. पण त्याच्याही आधी उद्या सकाळी मोबाईलवर तानपुरा लावा, तुमच्या गळ्याला सोसेल असा सा धरा आणि पंधरा मिनिटं फक्त तोच लावत बसा. गाणं नको, तान नको. असं महिनाभर करा. कंटाळा आला तर येऊ दे, तो किती आणि कधी येतो हेच बघायचंय.

मग इथे खाली लिहा, पंधरा मिनिटांनंतर घड्याळ पाहिलंत की नाही.