आत्यांचं मृत्युपत्र आणि दादांचा वाटा

ऑगस्टमध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला, लेस्टरला येण्याआधी तुम्हाला आत्यांच्या इथल्या घराचा उलगडा हवाय. घराचं भाडं आतोबांना हयातभर, नंतर आतोबा ठरवतील तसं घर भाच्यांमध्ये, आणि त्यांनी ठरवलं नाही तर सगळ्या भाच्यांना सारखं, असं आत्यांनी लिहून ठेवलंय. आतोबांनी आपल्या मृत्युपत्रात अर्धं घर तुमच्या दादांच्या नावे लिहिलं, आणि दादा गेल्या वर्षी गेले. ते अर्धं त्यांच्या मुलांना मिळेल का?

केवळ आतोबांनी लिहिलंय एवढ्यावरून ते मिळणार नाही. त्यांच्याकडे आहे ती पॉवर ऑफ अपॉइंटमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे वाटेकरी निवडण्याचा अधिकार. पॉवर ऑफ अटर्नीशी तिचा संबंध नाही. घर त्यांचं नाही, निवड तेवढी त्यांची, तीही भाच्यांमधूनच. मृत्युपत्र लागू होतं ते करणारा गेल्यावर, त्यामुळे त्याआधीच गेलेल्याची निवड रद्दबातल ठरते. इथल्या १८३७ च्या विल्स ॲक्टचं ३३ वं कलम वारलेल्याचा वाटा त्याच्या मुलांना देतं, पण वारलेला मृत्युपत्र करणाऱ्याचा मुलगा-मुलगी किंवा नातवंड असेल तरच. भाच्याला ते लागू नाही. आतोबांना आता दादांच्या मुलांची नावंही घालता येणार नाहीत. आपल्याकडे भाच्याचा मुलगा नातूच, पण इथल्या 'नेफ्यू' शब्दात तो सहसा बसत नाही.

तरी धीर सोडू नका. 'ठरवलं नाही तर सारखं' हे वाक्य फार मोलाचं आहे. आत्या गेल्या तेव्हा दादा हयात होते. तेव्हाच त्यांचा त्यातला हक्क पक्का झाला असेल, तर निवड फसलेल्या अर्ध्यातला त्यांचा सारखा वाटा त्यांच्या वारसांकडे जातो. मात्र 'आतोबांच्या मृत्यूसमयी हयात असलेले भाचे' असे शब्द असतील तर तो हक्कही जातो. सगळं त्या चार शब्दांवर आहे. आत्यांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे त्याला अधिकृत मान्यता, झालं असेल तर फी भरून कुणालाही नक्कल मागवता येते. ती आधी मागवा आणि आतोबा आहेत तोवर त्यांना घेऊन इथल्या सॉलिसिटरकडे जा.

तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्रात प्रत्येक नावापुढे 'ती व्यक्ती माझ्याआधी वारल्यास अमुक' असं लिहाच. मुलगी तुमच्याआधी वारली तर तिचा वाटा इथे ३३ व्या कलमाने थेट तिच्या मुलांना जातो. भारतात १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं १०९ वं कलम, तिला मुलं असतील तर, ती तुमच्यानंतर वारली असं धरतं, म्हणून वाटा तिच्या मालमत्तेत जातो आणि जावईही वाटेकरी होऊ शकतो. आणि इथे नवं मृत्युपत्र कराल तेव्हा 'आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' ही छापील ओळ तशीच राहू देऊ नका, तुमचं पुण्यात केलेलं मृत्युपत्रही तिने रद्द होईल. मी माझ्या मृत्युपत्रात ती 'फक्त इंग्लंडमधल्या मालमत्तेपुरती' अशी बदलून घेतली.