झिंकची बाटली ओतावी का?

प्रश्न: जुन्या मोटारीचं इंजिन उघडून नव्या कॅमशाफ्टसह (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे, म्हणजे कॅम, असलेला दांडा) बांधलं आहे. टॅपेट (कॅम ज्यांना दाबतात ते भाग) सपाट आहेत, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. ऑईलमध्ये झिंकची वेगळी बाटली ओता, असं मेकॅनिक म्हणतात. धातूच्या भागांच्या मधे ऑईल असतंच, मग झिंक कशाला? आणि दोन बाटल्यांनी दुप्पट फायदा होईल का?

उत्तर: ऑईल सगळीकडे पोचतं, पण सगळीकडे पुरत नाही. क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरता शाफ्ट ऑईलवर तरंगतो. कॅमचं टोक टॅपेटवरून सरकताना मात्र ऑईलचा थर इतका पातळ होतो की धातूचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात. नोकरीत मी वर्षानुवर्षं झिजलेले कॅम भिंगाखाली पाहिले. नीट चाललेल्या कॅमवर निळसर-तपकिरी डाग असत. नवी मुलं ते घासून काढायला निघाली की मी त्यांचा हात धरत असे. इंजिन वाचवणारा थर तोच!

हे झिंक म्हणजे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. 1940च्या दशकात ते ऑईलमध्ये आलं ते बेअरिंगचं गंजणं आणि ऑईलचं ऑक्सिडीकरण रोखायला. झीज रोखण्याचा गुण पुढे कळला. उष्णता आणि घासण्याचा ताण मिळाला की त्याचे रेणू तुटतात आणि पोलादावर फॉस्फेटचा काचेसारखा थर चढतो, जेमतेम 100 नॅनोमीटरचा. ताण जास्त तिथे तो झपाट्याने वाढतो. धातूऐवजी तो झिजतो आणि घासण्यातूनच पुन्हा तयार होतो. मला हे आजही विलक्षण वाटतं.

मात्र झिंक झीज कमी करतं, घर्षण नव्हे. कधी ते थोडं वाढवतंही. घर्षणासाठी मॉलिब्डेनमची संयुगं वेगळी. त्यांच्यापासून मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पापुद्रे बनतात आणि एकमेकांवरून सहज सरकतात.

दुप्पट फायदा होत नाही. थर एका मर्यादेपर्यंतच जाड होतो. शिवाय ऑईलमधले मळ काढणारे डिटर्जंटही त्याच पृष्ठभागावर जागा मागतात, आणि कंपनीने जमवलेला तोल बाहेरच्या बाटलीने बिघडतो. या झिंकच्या संयुगातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून हलक्या ग्रेडच्या आधुनिक पेट्रोल ऑईलमध्ये तो 0.08 टक्क्यांपर्यंतच ठेवतात. तुमच्याकडे कन्व्हर्टर नाही, तेव्हा बाटलीऐवजी 0.1 ते 0.12 टक्के फॉस्फरसचं, सपाट टॅपेटसाठी बनवलेलं ऑईलच घ्या.

कॅमवर असेंब्ली पेस्ट (इंजिन जोडताना लावायचं घट्ट वंगण) लावली होती का, हे मेकॅनिकना विचारा. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, संथ) सोडू नका. वीसेक मिनिटं 2000 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास, थोडं कमी-जास्त करत चालवा.