गावाने घर बांधून दिलं तरी दादा ओट्यावरच झोपतो

कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. दादा मिलिटरीतून रिटायर होऊन आला, पुढे बायको-पोरं दुरावली, जुनं घर पडलं, बरेच दिवस स्टँडवर आणि देवळात काढले. आता गावाने वर्गणी काढून दोन खोल्या उभ्या करून दिल्यात तर हा आत झोपायलाच तयार नाही, ओट्यावर पडून असतो. लोक म्हणतात केलेल्याची जाण नाही याला. मग त्याला आत ठेवायचं कसं, बाहेरून कडी घालू का?

ताई, कडी अजिबात घालू नका. आणि लोकांचं बोलणं मनावर घेऊ नका, कारण यात उपकार विसरण्याचा काही संबंध नाहीये. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत, पिढ्यानपिढ्या पोरं फौजेत जातात, पण परत आलेल्या माणसाला झोप लागते का हे आपण फार कमी विचारतो.

माझ्याकडे पाटण भागातले एक मेजर यायचे (होते हवालदार, पण आपल्याकडे रिटायर झालेला प्रत्येकजण मेजरच, आणि ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलून सांगतेय). 2021 च्या जुलैत त्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी आल्या, त्याच पावसात यांच्या मातीच्या घराची भिंत बसली. बायको आधीच मुलाकडे पुण्याला गेलेली, दारू वाढलेली, मग देवळाचा मंडप हेच घर. पेन्शन पण बंद पडली होती, कारण वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो तो दिलाच नव्हता, आणि डिस्चार्ज बुक भिंतीखाली गेलेलं. पण फौजी स्वतःचा नंबर झोपेतसुद्धा सांगतो. गावातल्या एका रिटायर सुभेदारांनी तो नंबर घेतला, यांना साताऱ्याला सैनिक बोर्डात नेलं, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला (फौजींच्या नोकरीचे कागद तिथे असतात) अर्ज गेला, स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, दाखला भरला आणि पेन्शन मागच्या थकबाकीसकट चालू झाली. मला विचाराल तर घराची पहिली वीट ही होती, कारण त्यानंतर ते स्वतःच्या पैशाने चहा पाजायला लागले.

मग गावाने घर बांधलं. कुणी पत्रे दिले, कुणी विटा, गवंड्याने मजुरी घेतली नाही, पोरांनी श्रमदान केलं. मनापासून केलं सगळ्यांनी. पण वास्तुशांतीला मंडप, बॅनर, शाल-श्रीफळ, फोटो, भाषणं, आणि त्या रात्री मेजर बिस्तरा उचलून परत देवळात गेले. ज्या माणसाने सगळ्या गावादेखत उघड्यावर दिवस काढलेत त्याला परत सगळ्यांसमोर उभं करून सत्कार करू नये असं मला फार वाटतं, मदत गुपचूप केली तरी ती मदतच असते.

काही दिवसांनी ते ओट्यापर्यंत आले, आत मात्र नाही. मी त्यांना आत का झोपत नाही असं विचारलंच नाही, झोपताना तुम्हाला काय दिसायला हवं, काय ऐकू यायला हवं एवढंच विचारलं. मग ते बोलले. कॉट अशी ठेवली होती की दार डोक्यामागे यायचं. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. आणि पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बाहेर कोण आलं-गेलं ते ऐकूच यायचं नाही, मग छाती धडधडायची, घाम यायचा. काश्मीरला रात्र रात्र कानावर पहारा केलेला माणूस तो, आवाज बंद झाला म्हणजे त्याच्यासाठी धोका.

कॉट फिरवली, खिडकी पाडली, पत्र्याखाली सीलिंग मारलं, लाइटचं बटण उशापाशी आणलं. हे सगळं त्यांनी सांगितलं तसं आणि बरंचसं त्यांच्याच हातून. आधी दुपारी दार उघडं ठेवून पडायचे, मग एखादी रात्र आत, परत चार रात्री बाहेर, असं करत करत पावसाळा गेला.

दारूचं पण सांगते, कारण गावात हाच हट्ट असतो, आधी दारू सोड मग किल्ली. उलटं करा. आधी घर, बाकीचं नंतर, ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून चालू झाली आणि 2008 पासून फिनलंडने देशभर घेतली, तिथे घरासाठी व्यसन सोडायची अट नसते. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. म्हणून सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, शपथा घालून नाही.

तर ताई, दादाला याच आठवड्यात विचारा की खोलीत काय बदलू, आणि तो म्हणेल ते करा, वेडगळ वाटलं तरी. ओट्यावर झोपला तर पांघरूण आणि मच्छरदाणी द्या, टोमणा नको. किल्ली त्याच्याच हातात राहू दे. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवतात, दचकून उठणं आणि चिडचिड यावर औषधं आणि थेरपी दोन्ही आहेत आणि खरंच फरक पडतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फ्री आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. पण तो जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिलला घेऊन जा.