सुशीच्या दुकानातली 'शारी' आणि आपली साळ

प्रश्न असा: तोक्योतल्या जुन्या सुशीच्या दुकानांत भाताला 'शारी' म्हणतात, तो शब्द आपल्या साळीवरून, म्हणजे संस्कृत 'शालि'वरून गेला का?

शब्द गेला संस्कृतातूनच, पण जपानी कोश बहुधा 'शरीर' हे मूळ देतात. बौद्ध परिभाषेत 'शरीर' म्हणजे बुद्धाच्या दहनानंतर उरलेल्या अस्थी. चिनी भाषांतरकारांनी तो शब्द दोन चित्राक्षरांत बसवला. तीच अक्षरं जपानीत 'शारी' अशी वाचतात. अस्थींचे पांढरे कण तांदळासारखे दिसतात, म्हणून भाताला ते नाव. साळीची बाजूही अगदीच लंगडी नाही. कूकाई या जुन्या जपानी बौद्ध भिक्षूच्या नावावर असलेल्या 'हिझोकी' या ग्रंथात नेमकं उलटं सांगितलंय: भारतात तांदळाच्या दाण्याला शारी म्हणतात आणि अस्थी तशा दिसतात म्हणून त्यांना ते नाव.

उच्चारावरून निवाडा होत नाही. चिनी लिप्यंतरात 'र'च्या जागी 'ल' आला, जपानीत 'ल' नाही म्हणून पुन्हा 'र' झाला. 'शालि' काय नि 'शरीर' काय, दोन्ही त्याच अक्षरांत शिरतात. बुद्धाचा शिष्य शारिपुत्र याच्या जपानी नावातही तीच दोन अक्षरं आहेत! माझं मत 'शरीर'कडे झुकतं, पण साळीची सरमिसळ जुनी आहे हे मान्य.

शब्द मुळात दुकानी बोलीतला. घरी 'सुमेशी' किंवा 'सुशीमेशी' म्हणतात (मेशी म्हणजे भात). गिऱ्हाइकाला भात कमी हवा असेल तर ते 'शारी चिइसामे' सांगतं. 'सुशी' हे नावही आंबट चवीवरून पडलंय, तेव्हा सुशी म्हणजे कच्चा मासा हा समज सोडलेला बरा. तोक्योत कांदा नावाच्या भागात (हो, कांदाच) 'सासामाकी केनुकीसुशी' हे १७०२ पासूनचं दुकान आहे. तिथला मासा मीठ-व्हिनेगरात मुरवून, भातासकट सासाच्या (बुटक्या बांबूच्या) पानात गुंडाळलेला असतो.

शारी म्हणजे नुसता शिजवलेला भात नव्हे. ३ गो, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आखूड दाण्याचा जपानी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचा आणि मापाने तांदळाइतक्याच पाण्यात शिजवायचा. ७० मिली तांदळाच्या व्हिनेगरात २ मोठे चमचे साखर आणि दीड लहान चमचा मीठ विरघळवायचं. लाकडी परात आधी ओली करायची, नाहीतर लाकूडच व्हिनेगर पितं. भात वाफाळता असतानाच व्हिनेगर ओतायचं. निवला की ते आत मुरत नाही, तळाशी साचतं. उलथनं आडवं धरून भात कापल्यासारखा हलवायचा. गोल घोटला की दाणे फुटून लगदा होतो. वारा शेवटी घालायचा, जास्तीचा ओलावा उडून चकाकी येते. अंगाइतका कोमट भात वळायला योग्य. फ्रिजमध्ये ठेवला तर दाणा आतून कडक होतो. बासमती इथे कामाचा नाही, दाणे धरून राहत नाहीत.

गल्लीतली दुकानं दुसऱ्या महायुद्धानंतर टिकली तीही या भातामुळेच. १९४७ मध्ये खानावळींवर बंदी आली, तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली: गिऱ्हाइकाने १ गो तांदूळ आणि मजुरी आणायची, दुकानाने १० नग करून द्यायचे. कागदोपत्री ही विक्री नव्हे, दळणासारखं काम. देशभर एदो (तोक्योचं जुनं नाव) पद्धतीची, हाताने वळलेली सुशी पसरली त्यात या नियमाचा मोठा हात आहे. त्या टंचाईच्या काळात निव्वळ पांढऱ्या भाताला 'गिनशारी' म्हणत, म्हणजे रुपेरी शारी. तो शब्द अजून ऐकू येतो.

मराठीत 'शारी' स्त्रीलिंगी चालवावी: शारी सैल झाली, शारी सुकली. 'शारी राइस' मात्र लिहू नये, भात दोनदा होतो.