वॅट कमी, उजेड पुरेसा? फिशटॅंकवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की दोन फुटी टॅंकला आता ट्यूब घेऊ नका, दहा वॅटचा एलईडी बास होतो. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी माशांचे आजार वगैरे सगळं बाजूला ठेवलंय, फक्त दिव्यांचंच घेतोय.

प्रश्न (नाशिकहून एक काका): माझा टॅंक २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. कव्हरमधली १८ वॅटची ट्यूब चोकसकट गेली. दुकानदार १० वॅटची एलईडी पट्टी देतोय. पण मी वाचलंय की एका गॅलनला (म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास) २ वॅट लागतात, मग १० वॅटमध्ये माझी झाडं कशी जगणार?

उत्तर: काका, तो गॅलनचा हिशेब खोटा नाही, जुना आहे. सगळ्यांकडे ट्यूबच असायच्या तेव्हाचा. तेव्हा वॅट सांगितले की उजेड साधारण किती ते कळायचं. पण वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, उजेड किती देतो ते नाही, उजेड लुमेनमध्ये मोजतात. ट्यूब गोल असते, ती चारी बाजूंना उजेड फेकते, त्यातला अर्धा जातो कव्हरच्या छताला, आणि आपल्याकडच्या कव्हरांना आतून रिफ्लेक्टर कुठला, काळं प्लास्टिक असतं, ते उजेड गिळून बसतं. एलईडीचे दाणे खाली तोंड करून असतात त्यामुळे बराचसा उजेड थेट पाण्यात.

आता तुमचा टॅंक. मापाने ५६ लिटर होतात, खालची वाळू आणि वरची दोन बोटं रिकामी सोडली तर पाणी ५० लिटरच्या आसपास. बऱ्यापैकी एलईडी वॅटला ९०-१०० लुमेन देतो, म्हणजे १० वॅटला हजाराच्या आत-बाहेर, म्हणजे लिटरला २० लुमेन धरा. मासेवाल्यांचा ठोकताळा असा की लिटरला १० ते २० लुमेनमध्ये कमी उजेडाची झाडं निवांत राहतात, २० ते ४० मध्ये मधली, आणि ४० च्या वर जायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणा नाहीतर रोज शेवाळाशी कुस्ती. हा ठोकताळा तुमच्यासारख्या फूटभर उंच टॅंकचा, टॅंक दोन फूट खोल असेल तर तळाशी उजेड बराच कमी पोचतो, मग तेवढ्यावर भागत नाही.

फक्त एक करा, पट्टीच्या खोक्यावर १० वॅट लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, सोबतचा अ‍ॅडाप्टर उलटा करून बघा. १२ व्होल्ट, ०.५ अ‍ॅम्पिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा, ६ वॅट. त्या अ‍ॅडाप्टरवर ती पट्टी १० वॅटची होऊच शकत नाही, दुकानदाराने आईची शपथ घेतली तरी. मी असं कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात एकाला दाखवलं तर तो म्हणाला साहेब सगळे असंच लिहितात.

झाडं कुठली आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन असतील तर बिनधास्त राहा, व्हॅलिसनेरियाही चालेल, थोडी हळू वाढेल एवढंच. क्रिप्टोकोरीनची एक जात, स्पायरॅलिस, तर आपल्याच पश्चिम घाटाच्या पट्ट्यात ओढ्यात सापडते आणि आपण तीच पैसे देऊन आणतो, असो. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड मात्र वाळूत पुरू नका, सडतं, दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधा. लालभडक रोटाला वगैरे जास्त उजेड मागणारी झाडं हवी असतील तर १० वॅटचं स्वप्न सोडा.

प्रश्न (डोंबिवलीहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): दादा, टॅंकचे स्पेशल दिवे फार महाग आहेत. घरातलाच ९ वॅटचा बल्ब होल्डरला लावून टॅंकवर ठेवला तर चालेल का?

उत्तर: उजेडाच्या बाबतीत चालेल, अगदी मस्त चालेल. कूल डे-लाइट म्हणून ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) जो पांढरा बल्ब मिळतो तो घे, झाडांना तो उजेड पुरतो आणि मासेही चांगले दिसतात. टेबल लॅम्पमध्ये लावून वरून सोडलास की काम झालं, लांबट टॅंक असेल तर असे दोन.

भीती आहे ती पाण्याची. पुष्कळ साध्या एलईडी बल्बमध्ये आतलं सर्किट थेट २३० व्होल्टला जोडलेलं असतं, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे बल्बची टोपी फुटली किंवा आत ओल गेली तर आतल्या दाण्यांना हात लावणं म्हणजे प्लगमध्ये बोट घालणं. म्हणून टॅंकवर काच ठेव, बल्ब काचेच्या वर, आणि लॅम्प असा बसव की धक्का लागून पाण्यात पडणार नाही. १२ व्होल्टची पट्टी असेल तर ही भीती बरीच कमी, पण अ‍ॅडाप्टर टॅंकच्या खाली जमिनीवर ठेवायचा नाही, पाणी बदलताना हमखास सांडतं. आणि वायर प्लगमध्ये जाण्याआधी थोडी खाली लोंबती ठेव, झोल दे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाला थेंब थेंब गळून जाईल, प्लगात शिरणार नाही. घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते बाबांना विचार, नसेल तर टॅंक नसला तरी बसवून घ्या.

मी स्वतः काय केलं होतं सांगतो, दिवाळीच्या माळा विकणाऱ्याकडून मीटरवर पट्टी आणली आणि कव्हरला आतून चिकटवली, पहिले दोन आठवडे काय दिसत होतं म्हणून सांगू, येईल त्याला बोलावून दाखवायचो. महिनाभरात तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पुटं चढली, तीन-तीन दाण्यांचे गट विझत गेले, शेवटी अर्धा टॅंक उजेडात अर्धा अंधारात. ती पट्टी आयपी २० होती. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आकडा, त्यातला दुसरा अंक पाण्याचा, म्हणजे इथे संरक्षण शून्य. टॅंकच्या वर वाफ असतेच, निदान आयपी ६५ घ्यावी.

प्रश्न (कोल्हापूरहून एक काकू): ट्यूब काढून एलईडी लावल्यापासून टॅंकमध्ये शेवाळच शेवाळ झालंय. नातवाला रंगीत मासे बघायला आवडतात म्हणून दिवा सकाळी लावतो तो रात्री झोपतानाच बंद. एलईडीचा उजेड माशांना बाधतो का?

उत्तर: काकू, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सकाळी सातला लावून रात्री दहाला बंद, म्हणजे १५ तास. एवढा वेळ दिवा लावला तर ट्यूबनेही शेवाळ आलं असतं, आता एलईडी जास्त उजळ आहे म्हणून लवकर आलं. झाडांना सात-आठ तास पुरतात, त्यापुढचा उजेड शेवाळाला जेवण. माशांनाही अंधार लागतो, त्यांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेता येत नाहीत, दिवा बंद झाला की मगच ते थारावतात.

दिवा नातू शाळेतून आल्यावर लावा, दुपारी चार ते रात्री दहा. प्लगात लावायचा साधा टायमर मिळतो तो घ्या म्हणजे कुणाच्या लक्षात राहण्याचा प्रश्न नाही. टॅंक खिडकीशी असेल तर आधी तो हलवा, उन्हापुढे एलईडी म्हणजे काहीच नाही, आणि पाणी पालकाच्या सूपासारखं झालं असेल तर मला उन्हाचाच संशय येईल. शेवाळ तपकिरी, बोटाने पुसलं जाणारं असेल आणि टॅंक नवा असेल तर ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, काही आठवड्यांत आपोआप कमी होतं, त्यासाठी औषध ओतू नका. आणि खाणं कमी करा हो, नातू मूठभर टाकत असणार.

प्रश्न (पुण्याहून): दादा, आई म्हणते फिशटॅंकमुळे लाइट बिल वाढलं, दिवा काढून टाक. काय सांगू तिला?

उत्तर: तिला म्हणावं चोर दुसरा आहे. १० वॅटचा दिवा रोज ७ तास म्हणजे महिन्याला २.१ युनिट. तुझा फिल्टर १५ वॅटचा असेल तर तो २४ तास चालतो, महिन्याला जवळपास ११ युनिट. आणि पुण्याच्या थंडीत १०० वॅटचा हीटर दिवसाला ८ तास जरी तापला तरी २४ युनिट. दिवा काढून काही हाती लागणार नाही. फिल्टर बंद करायच्या भानगडीतही पडू नकोस, घाण साफ करणारे जीवाणू त्यात असतात. टॅंकवर काच झाक म्हणजे हीटर कमी चालेल, आणि डिसेंबरात टॅंक बाल्कनीत ठेवायचा हट्ट सोड, तो मला तुझ्या फोटोत दिसला.

प्रश्न (गोव्याहून): निळ्या आणि रंग बदलणाऱ्या लाइटने झाडं वाढतात का?

उत्तर: झाडं निळा आणि लाल उजेड जास्त वापरतात हे खरं, त्यावरूनच विकणारे गुलाबी-जांभळे दिवे खपवतात. पण पांढऱ्या एलईडीच्या पोटातही निळाच दाणा असतो, त्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप दिला की बाहेर पांढरा उजेड येतो, त्यात झाडाला हवं ते बरंचसं असतं. या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल तीन जणांना मिळालं, त्यातले एक हिरोशी अमानो. आणि टॅंकमध्ये जंगल उभं करायची कला ज्यांनी जगभर नेली ते ताकाशी अमानो. दोघेही जपानी, आडनाव एकच. मला कितीतरी दिवस ते एकच माणूस वाटायचे.

तेव्हा पांढरा मुख्य ठेवा, रंगीत हौसेपुरता. रिमोटवाला लुकलुकणारा मोड मात्र माशांवर लावू नका, बिचारे काचेवर आपटतात. रात्रभर निळा दिवा ठेवायचीही गरज नाही.

प्रश्न (साताऱ्याहून): माझ्याकडे छोट्या टॅंकमध्ये एकच फायटर मासा आहे, झाडं नाहीत. त्याला दिवा लागतो का?

उत्तर: नाही. खोलीतला दिवसाचा उजेड पुरतो. त्याला तुम्हाला बघायचं असेल तेव्हा लावा, ३-४ वॅटचाही चालेल, पण आधी खोलीतला दिवा लावून मग टॅंकचा, एकदम उजेड पडला की दचकतो आणि उडी मारतो. झाकण आहे ना?