सांगलीतल्या आमच्या छोट्या रुग्णालयात ओपीडीची रांग कमी केली. हे काम जर्नलमध्ये छापून येईल का?

हो, येऊ शकतं, आणि त्यासाठी एमडीचा थीसिस लिहिल्यासारखं लिहू नका, रुग्णसेवा सुधारण्याचं काम कसं लिहावं हे सांगणाऱ्या ‘स्क्वायर २.०’ (SQUIRE, २०१५) या मार्गदर्शक सूचनांनुसार मांडा. ‘बीएमजे ओपन क्वालिटी’सारखी जर्नल्स नेमकं असंच काम छापतात. मिरजेत सहकाऱ्यांचे असे मसुदे तपासून देतो, त्यावरून सांगतो: बहुतेक जण ‘आधीची सरासरी, नंतरची सरासरी’ एवढ्यावर थांबतात आणि तिथेच गाडी अडते. दर आठवड्याचा रुग्णांचा थांबण्याचा वेळ रन चार्टवर, म्हणजे काळानुसार आकडे दाखवणाऱ्या रेषेच्या आलेखावर, मांडा, आणि केसपेपरची दुसरी खिडकी कोणत्या सोमवारी उघडली ते त्याच चार्टवर खूण करून दाखवा. फसलेला प्रयोगही लिहा. टोकन दिले, पण सकाळच्या एसटीने सगळे एकदमच उतरतात म्हणून उपयोग झाला नाही, असं असेल तर तो परिच्छेद मुळीच गाळू नका. दुसऱ्या रुग्णालयाला खरा उपयोग त्याचाच. मात्र एथिक्स कमिटीचं पत्र, मान्यतेचं किंवा सूट दिल्याचं, काम सुरू करण्याआधीच घ्यायचं असतं. ते घेतलं नसेल तर मसुद्याला हात लावण्याआधी कमिटीच्या सचिवांना गाठा. आणि छपाईचं शुल्क आधी बघून घ्या, आकडा पाहून घाम फुटतो.